कॉम्प्युटरमधला दसरा

मसोली, डहाणू रोड
१६ मे २०१७

तीर्थस्वरूप धनेशदाजींना नविनचा वाकून नमस्कार. तलासरीला तुम्ही आणि निर्मलाताई खुशाल असाल. लेकीच्या लग्नात नाचून धरलेला गुडघा सुटला का? (फोनच केला असता, पण तो ताई उचलते, आणि नुसत्या ‘हॅलो’वरून तिला माझ्या पोटातलं कळतं.)

दाजी, बसून वाचा. फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला. म्हटलं, घाबरायचं काय, अख्ख्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी इमेज बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवलीय, तीच परत चढवू! बटण दाबण्याआधी कॉम्प्युटरने विचारलंही, आत्ताचं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? लग्नघरात दिवसभर ‘चालेल, चालेल’ म्हणणारा माणूस मी. म्हटलं, चालेल.

आणि खरंच उठून बसला हो, नवरदेवासारखा! मी अगरबत्ती लावली. मग फोल्डर उघडले. दिवाळी नाही, नाताळ नाही, दसऱ्यानंतरचं काही म्हणजे काहीच नाही! कारण बॅकअप मी दसऱ्यालाच काढतो. आपले बाबा कोयत्या-नांगराची पूजा करायचे, तशी मी कॅमेऱ्याला हळदकुंकू लावतो, कॉम्प्युटरला झेंडूची माळ घालतो, आणि त्याच मुहूर्तावर बॅकअप. (अधेमधे अवेळी कशाला हात लावा?) आता बाहेर मे महिना, मी घामाने निथळतोय, आणि हा गडी आत दसऱ्याला जाऊन बसलाय. आमची वर्षा एवढंच म्हणाली, “वर्षाला मुहूर्त साडेतीन असतात ना? तुम्हाला एकच कसा सापडला?” बायको आहे म्हणून ऐकून घेतलं.

बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार सांगा, पत्र मात्र दाखवू नका.

तुमचा मेहुणा,
नविन

ता. क. तुमच्या भारतीचं लग्न माघात झालं, म्हणजे दसऱ्यानंतर. पुढचं माझ्याने लिहवत नाही. कॅमेऱ्याची कार्डं मी पुढच्या लग्नाला पुसून वापरली. बाकी गिऱ्हाइकांचे अल्बम वेळेत गेले, घरचंच लग्न म्हणून तेवढं मागे राहिलं. ताई रविवारी फोटो निवडायला येणार आहे. पाया पडतो, तिला थांबवा.

ता. क. २. एकच फोटो वाचलाय. पाठवणीला तुम्ही गाडीचं दार धरून हुंदके देत होता, तो. माझ्या मोबाइलवरचा. तुम्ही पुसायला लावलात, मी हो म्हणून ठेवून दिला. काल भारतीला सगळं खरं सांगितलं आणि तो दाखवला. पोरगी किती वेळ बघत राहिली. गाडीत मान खाली घालून बसली होती ना, तिने तुम्हाला पाहिलंच नव्हतं. म्हणाली, “मामा, बाकीचे गेले तर जाऊ दे, हा मोठा करून दे.” तर दाजी, परवानगी द्या. छापून झालाय.