मोठी रजा

ता. ३ जून

ती. अक्कास, सा. न.

फौजेतल्या त्या स्फोटाला दोन वर्षं झाली, डोकं अजून घुमतं. बाहेरून खरचटलेलंही नाही, म्हणून गोदामातले लोक मला नाटकी म्हणतात. काल गेट उघडं टाकून आलो. बायकोचं नाव आठवेना. आता मला मोठी रजा पाहिजे. तिला विचारवत नाही. तू थोरली, तू दे.

तुझा शिपाई

ता. ११ जून

चि. शिपायास, अ. आ.

पत्र वाचून माझंच डोकं फिरलं. दिवसाला दोनशे काजं करते, बोटांची चाळण झाली. तुझे हातपाय शाबूत, फौज सुटली, आता बसल्या जागी गेट राखायचं, त्यातही रजा? परीक्षेच्या दिवशी तुझं पोट दुखायचं, त्यातलाच प्रकार. घे बाबा. मोठी घे, कायमची घे, सगळ्यांची कटकट जाईल. मंजूर!

लोभ आहे तेवढा पुरे.

अक्का

ता. २२ जून

ती. वन्संना, शि. सा. न.

परवा हे जुना गणवेश घालून गोदामातून परस्पर निघाले. जोडीच्या पहारेकऱ्याला संशय आला, त्याने धरून आणलं, म्हणून आहेत. खिशात तुमचं पत्र होतं, 'मंजूर'खाली तांबडी रेघ. कसली रजा म्हणून विचारलं, तर म्हणाले, जगण्यातून.

डॉक्टर म्हणतात, हादऱ्याने मेंदू दुखावलाय, अशा फौजींच्या मनात मरणाचे विचार जास्त येतात, नाटक नव्हे. औषधं सुरू आहेत, एकटं सोडत नाही. तुम्हाला लिहिणारच नव्हते. पण अक्काचं पत्र आलं का, असं रोज विचारतात.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.

तुमची भावजय

ता. ३० जून

चि. शिपायास,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी घे. मला वाटलं, कामावरची रजा. पण जीभ माझीच सुटली, दोष तुझ्या अक्षराचा नाही. काज आतून उसवलं तर वरून दिसत नाही, बटण निसटल्यावरच कळतं. जन्मभर हेच काम करते, आणि भावाच्या बाबतीत अक्कल गहाण.

तर ऐक. रजा रद्द. फौजेत रद्द करतात, तशी. औषध चुकवलंस तर कानाखाली वाजवीन. डोक्याला मार चालत नाही ना? मग पोटरीवर.

अक्का

ता. ९ जुलै

ती. अक्कास, सा. न.

रद्द झाल्याचं समजलं. पुढच्या महिन्यात परत अर्ज केला तर चालेल का?

शिपाई

ता. १७ जुलै

चि. शिपायास, अ. आ.

कर. दर महिन्याला कर. पण माझ्याच नावाने, आणि आधी बायकोला वाचून दाखवायचा. उत्तर हातात पडेपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम. पत्राला आठ दिवस लागतात. आणि उत्तर लिहायला मी फार आळशी आहे.

अक्का