वलंदेजी पुस्तकावरची पट्टी

चिंचवड, मंगळवार, १२ मार्च १९५७

पुस्तकबांधणीच्या कारखान्यातल्या आमच्या मिस्त्रींना आज कचऱ्यात हात घालायला लावला. तरी समाधान नाही.

बांधणीला आलेलं वलंदेजांचं, म्हणजे डच लोकांचं, जुनं पुस्तक, समुद्राच्या नकाशांचं. पहिल्या पानावर नक्षीची कमान, भोवती खलाशी. एक जण दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली मोजतोय, अगदी वेंगुर्ल्याला आमचे बाबा मोजतात तसा. मध्ये पुस्तकाच्या नावाची छापील पट्टी चिकटवलेली. मी म्हटलं, "मिस्त्री, ही छापणाऱ्यानंच लावलीय, शाई एकच आहे. काढू नका."

सगळ्यांसमोर हसले. "त्यातलं एक अक्षर वाचता येत न्हाई, आन् मला शिकवतोय व्हय? ठिगळ हाय ते!" ओल्या बोळ्यानं पट्टी सोडवली. खाली कोरी जागा, दुसरं नाव नाहीच.

दुपारी पुस्तकवाले साहेब आले नि भडकले. "उद्या पट्टी आणा, नाहीतर तुमच्याकडे पुन्हा काम नाही." मिस्त्रींनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. मालकांनी मला शनिवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. माझं कोण ऐकणार?

पण पट्टी मीच उचलून टीपकागदात वाळवली होती. माझ्याच ट्रंकेत आहे.

संध्याकाळी मिस्त्री आले. "भावा, पट्टी कुटं दिसली का रं?"

"कचऱ्यात गेली असेल."

खळीच्या चिंध्यांत कोपरापर्यंत हात घालून बसले. त्या पुस्तकानं माझं काय वाकडं केलंय? पट्टी साहेबांना द्यायचीच. सकाळी स्वतः नेऊन देणार, आणि कुणी सोडवली तेही सांगणार.

निघताना मिस्त्रींना म्हटलं, "कालच्या कचऱ्याचं पोतंही बघा हं."