बाल्कनीतली खडूची रेघ

३ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

दुकानाचं शटर ओढून तुझ्या दादाकडे राहायला आलो, वाटलं आता निवांत. कसलं निवांत! तुझ्या वहिनीच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, इथे आधीपासून तळ ठोकून आहेत. बाल्कनी एक, खुर्ची एक, बसणारे दोघं. मी सकाळी बसलो की त्या कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्ताने माझे पाय भिजवतात. दुपारी मी जरा उठलो की खुर्ची गेलीच.

परवा डोकं फिरलं. शिलाईचा खडू काढला आणि बाल्कनीच्या मधोमध रेघ मारली. जन्मभर कापड बेतलंय, रेघ काय सरळ आली म्हणतेस! पण उन्हाची बाजू माझ्याकडे आली, त्यांच्या कुंड्या सावलीत गेल्या, विहीणबाईंनी बोलणं टाकलं आणि सूनबाई रडली. माझ्यापायी लेकाच्या संसारात कटकट नको. बॅग भरली आहे; विहीणबाईंनी अबोला मोडला तोही बांधायला दोरी हवी का विचारायला! महिनाअखेरच्या रविवारी येऊन मला ने. तुझी खोली खुराड्याएवढी आहे हे ठाऊक आहे. कोपऱ्यात पडून राहीन.

तुझा,
बाबा

९ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. बाबा, न्यायला मी आत्ता येईन हो, पण तुम्ही लेकाच्या घरातून रुसून निघालात हे मला आयुष्यभर खुपेल.

माझी नोकरी तळ्यावरच्या पाखरांवर नजर ठेवायची. इथे दोन जातींची बदकं आहेत, लांबून बघाल तर सख्खी भावंडं. मलाही आधी वाटायचं, ही एकमेकांच्या तोंडचा घास काढणार. पण एकाची मान लांब, ते खोल पाण्यातलं खातं. दुसरं काठाकाठाने चरतं. बगळा मासे धरतो, त्याला यांच्या शेवाळाशी देणंघेणं नाही. तळं एकच, पण प्रत्येकाची गरज वेगळी. पाण्यावर रेघ कुणी मारत नाही. तेव्हा रेघ पुसा आणि थोडे दिवस नुसतं बघा: विहीणबाईंना बाल्कनीतलं नेमकं काय हवंय, कधी हवंय? आणि तुम्हाला? तरी नाहीच जमलं, तर रविवारी मी दारात हजर.

तुमची लाडकी,
चिमणी

२१ मार्च

चि. चिमणीस भरभरून आशीर्वाद.

बापाला बदकांच्या पंगतीला बसवलंस, कार्टे! पण बघत बसलो खरा. विहीणबाईंना खुर्ची नकोच होती गं. त्यांना हवं सकाळचं कोवळं ऊन, स्वतःच्या गुडघ्यांना आणि कुंड्यांना. मला सुईत दोरा ओवायला दुपारचा उजेड लागतो. मग मी भल्या पहाटे तिथे का बसायचो? त्या बसू नयेत म्हणून! आणि दुपारी त्या का यायच्या? सकाळी मी बसू देत नव्हतो म्हणून. आहे की नाही अक्कल!

रेघ मी ओल्या फडक्याने पुसली. दुसऱ्या दिवशी जेवून बाल्कनीत गेलो, तर विहीणबाईंनी खुर्ची उजेडाकडे वळवून ठेवलेली. आता त्यांच्या उसवलेल्या पिशव्या माझ्याकडे येतात, वर टाका मोठा पडला म्हणून बोलणीही खातो. सूनबाई परवा गुणगुणत होती, आणि दादा जेवताना बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसला. माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी न्यायला येऊ नकोस, जेवायला ये. बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली. मी वर चढलो तेव्हा स्टूल विहीणबाईंनी धरलं होतं.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
बाबा