हार्डली काम करणारी सून

उल्हासनगर, कॅम्प ५
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप बाळदादा यांस,

धाकट्या कुंदाचा वाकून नमस्कार. तुझी साखर किती आहे? (खरी विचारते आहे, वहिनीला सांगितलेली नव्हे.) माझ्या गुडघ्याचं म्हणशील तर जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही, म्हणून मी हल्ली शक्यतो उतरतेच. ह्यांची आनंदनगरच्या कंपनीतली ड्यूटी आणि घरातली डुलकी, दोन्ही वेळेवर चालू आहेत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, स्पीकरपाशी वहिनी असते, आणि वहिनीला कळलं की बदलापूर पूर्वेला कळलं. पश्चिमेला जरा वेळ लागतो. म्हणून आमच्या मजल्यावरचा संतोष रोज तिकडे कामाला येतो, त्याच्या हाती हे पाकीट देते आहे. एकट्याने वाच.

तर आमची सून रिद्धी. (तुझ्या शेजारच्या इमारतीतलं हे स्थळ तूच आणलंस, एवढं लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडणार आहे.) ती ऑफिसच्या फोनवर फाडफाड इंग्रजी बोलते आणि मी शेजारी लसूण सोलत मान हलवते. सासूने मागे का राहावं, म्हणून मी कॅम्प ४ मध्ये सूटपीसच्या दुकानावर हरेश सरांचा क्लास आहे तिथे नाव घातलं. सर सिंधी, साठीचे, आणि मोठे प्रेमळ. त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी, सोमवारी, शिकवलं की शब्दाला 'ली' लावली की तसं करणं होतं. स्लो, स्लोली. नीट, नीटली. (हा शब्द त्यांनी आपल्याकडूनच नेला असणार.) मला ती 'ली' इतकी आवडली की दिसेल त्याला लावत सुटले. हार्ड म्हणजे कष्टाचं, तर हार्डली म्हणजे कष्टाने, जीव तोडून. यात कुणाचं काय चुकलं, तूच सांग.

मंगळवारी सरांचा धडा होता, क्वचित घडणाऱ्या गोष्टी इंग्रजीत कशा सांगायच्या. नेमका तो माझा बुडाला, कारण रिद्धीला ताप होता आणि मी तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत बसले होते. संध्याकाळी माझ्या बाकावरच्या विनिताला फोन केला. ती म्हणाली, फार काही नव्हतं गं, वन्स इन अ ब्लू मून म्हणजे आपलं अवसे-पुनवेला. बाकीचे शब्द ती वहीत उतरवून देणार होती, ते अजून देते आहे. मी मात्र कालनिर्णय काढून अमावास्या-पौर्णिमा मोजल्या आणि महिन्यातून दोनदा असा हिशेब करून ठेवला.

मग रविवारी रिद्धीची मावशी यजमानांना घेऊन भाची-दर्शनाला आली. यजमान कोइम्बतूरचे. मराठी शून्य, हिंदी मोजून चार शब्द. आमचा सोहम बायकोच्या माणसांसाठी दाल पकवान आणायला गेलेला, हे ड्यूटीवर, मावशी आत रिद्धीपाशी, आणि हॉलमध्ये ते आणि मी. क्लासचे पैसे वसूल करायची अशी संधी पुन्हा कधी यायची? मी पदर सावरून सुनेचं कौतुक सुरू केलं. माय डॉटर-इन-लॉ हार्डली वर्क्स, म्हटलं. शी हार्डली कुक्स. त्यांचा कप बशीत टेकला. मला वाटलं, भारावले. म्हणून शेवटचं आणि सगळ्यात मनापासूनचं बोलले: शी हार्डली रिस्पेक्ट्स मी. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं की ती माहेरी जाते का. आता दादा, ती दर पंधरा दिवसांनी बॅग भरते हे तुला माहीत आहे, तुझ्या गॅलरीतून दिसतं. जरा टोमणा मारावा म्हणून मी हसून म्हटलं, वन्स इन अ ब्लू मून. म्हणजे बघ, कौतुक केलं त्याची निंदा झाली आणि टोमणा मारला तो त्या माणसाच्या काळजात गेला. पोरगी कामाची नाही म्हणून सासू तिला माहेर दाखवत नाही, असा अर्थ लावून ते दाल पकवान न खाता उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिद्धी माझ्यासमोर उभी राहिली. आई, मी काम करत नाही, तुम्हाला मान देत नाही, असं तुम्ही काकांना बोललात का, असं तिने विचारलं असतं तर मी जीभ चावली असती. पण तिने विचारलं, तुम्ही काकांना माझ्याबद्दल जे बोललात ते खरंच बोललात? मी म्हटलं, "हो गं, अगदी मनापासून. आणखी दहा जणांना सांगेन." तिचे डोळे भरले. मला वाटलं, आनंदाने. ती बॅग भरायला लागली तेव्हाही मी तिला चकल्यांचा डबा भरून दिला.

उलगडा झाला तो क्लासमध्ये. मी मोठ्या ऐटीत सगळी वाक्यं सरांना म्हणून दाखवली. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुंदाजी, हार्डली माने ना के बराबर. आपने तो बहू की छुट्टी कर दी." ब्लू मूनचंही तेव्हाच कळलं. तो चंद्र उगवता उगवत नाही म्हणे, आपल्या उंबराच्या फुलासारखा.

आज आठ दिवस झाले. सोहमने तिला सगळं समजावलं म्हणतो. पण ती माझा फोन घेत नाही. दादा, मला करमत नाही. सकाळचा चहा आम्ही दोघी घ्यायचो, ती खारी बुडवायची, निम्मी कपात पडायची, आणि मी रोज बोलायचे. आता कपात काही पडत नाही आणि चहा संपत नाही. बेसिनवर तिची केसांची क्लिप राहिली आहे, मी तिच्याभोवतीनं पुसते. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्यांनी आपापलं बघावं.

तुझी,
कुंदा

ता. क. पत्राचं खरं कारण हे. काल मी तिला मेसेज केला, कधी येतेस? तिचं उत्तर आलं, आय विल कम वन्स इन अ ब्लू मून. हे तिने माझ्या अर्थाने लिहिलं की हरेश सरांच्या? माझ्या अर्थाने असेल तर पुनव शुक्रवारी आहे. सरांच्या अर्थाने असेल तर मी काय करू? सोहमला विचारून उपयोग नाही, बायकोबद्दल तो हार्डली बोलतो (सरांच्या अर्थाने). तू सहज म्हणून त्यांच्याकडे चक्कर मार आणि तिचं तोंड बघून कळव. स्थळ तुझं आहे.

ता. क. २ सर म्हणाले, माझ्या वाक्यांत ग्रामरची एकही चूक नव्हती. आणि आपल्यातच राहू दे, स्वयंपाकापुरतं बोलायचं तर अर्थाचीही फारशी नव्हती. एवढा तुकडा फाडून टाक.

ता. क. ३ संतोष दारात उभा आहे आणि आत्ताच दुसरा मेसेज आला. नुसता गोल पिवळा चंद्र पाठवला आहे, खाली लिहिलंय, डबा परत आणते. तेव्हा शुक्रवारी तिला घेऊन तूच ये. पुरण घालते आहे, साखरेचं वहिनीशी मी बोलेन. डाळ अर्धा किलो जास्त भिजवते, कारण तू हार्डली जेवतोस. माझ्या अर्थाने.