अर्जातला मोबाईल नंबर

४ ऑगस्ट

आले बाई एकदाची! हिंगोलीहून इथवर येईपर्यंत अंग नुसतं आंबून गेलं, पण मन मात्र नाचतंय. इंदूआत्याचं घर भाईंदर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि ग्रिल लावून बंद केलेली गॅलरी. मी चपला काढायच्या आतच श्रीपतीमामांनी जाहीर केलं की गॅलरी आजपासून संघप्रियाची, म्हणजे माझी. मामा म्हणजे आत्याचे यजमान. ते कुरिअर कंपनीत आहेत, आत्या एका दवाखान्यात आया. दोघं सकाळी आठला निघतात ते संध्याकाळी सातला येतात. मधल्या वेळात घराची राणी मी!

ही डायरीही मामांनीच दिली, त्यांच्या कंपनीची. म्हणाले, आपल्या घरातली एम. एस्सी. करणारी पहिली पोर तू, सगळं लिहून ठेव. आत्याने मला बुद्धमूर्तीपुढे उभं केलं, बाबासाहेबांच्या तसबिरीला वंदन करायला लावलं आणि मग स्वतःच डोळ्याला पदर लावला.

एकोणीस तारखेला पहिलं लेक्चर. विषय सांख्यिकी. विद्यापीठ एवढं अवाढव्य आहे म्हणे, की एका विभागातून दुसऱ्या विभागात जायला बस फिरते. आमच्या कॉलेजात प्राचार्य शिंकले तरी शेवटच्या वर्गात कळायचं.

६ ऑगस्ट

आज दिवसभर फाइल लावली. गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. समोरच्या मिनलबेननी थेपले पाठवले. त्या गुजराती मिसळून हिंदी बोलतात, मी मराठवाडी मिसळून. दोघींनाही निम्मंच कळतं, त्यामुळे छान जमलंय.

फोटोंचं पाकीटही सापडलं. हिंगोलीच्या स्टुडिओत बत्तीस काढले होते, चोवीस उरलेत. फोटोतला निळा कुडता माझा नाही, रश्मीचा आहे. आधी तो घालून मी फोटो काढला, मग पडद्यामागे जाऊन आम्ही अदलाबदल केली आणि तिने काढला. दुसरं बटण तुटलेलं, ते दोघींच्याही फोटोत दिसतं. हसून हसून स्टुडिओवाल्याला वैताग आणला होता.

रश्मी माझी मैत्रीण. एकाच गल्लीतल्या आम्ही. विहारातल्या अभ्यासिकेत एकाच पंख्याखाली बी. एस्सी. केलं.

ती आता नाही. त्याबद्दल आज नको.

९ ऑगस्ट

दुपारी जेवताना फोन वाजला. विद्यापीठाचा मेसेज. ‘प्रिय रश्मी, आपल्या कागदपत्रांची पडताळणी पूर्ण झाली आहे.’

ताट बाजूला सारलं.

तिच्या अर्जात मोबाईल नंबर माझा आहे. त्यांच्या घरी एकच फोन होता, बटणांचा, मागचं झाकण पडू नये म्हणून रबर लावलेला, आणि तो तिच्या बाबांसोबत शेतात असायचा. तुझाच नंबर टाक, तू काय परकी आहेस का, असं म्हणाली होती. दोघींचे अर्ज मीच भरले. पासवर्डही एकच ठेवला.

मी विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथल्या बाईंनी शोधून सांगितलं की हा अर्ज अकरा जुलैलाच रद्द झालाय, त्यावर मेसेज जाऊच शकत नाही. कॉम्प्युटरचा घोळ असेल, म्हणाल्या.

घोळच असणार. रश्मीला जाऊन सोळा दिवस झालेत.

१० ऑगस्ट

रविवार. मामांनी उत्तनला नेलं. समुद्र पहिल्यांदा पाहिला. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासाने आधी नाक धरलं, मग भूक लागली. आत्या म्हणाली, बघ, झालीस इथली.

परतताना फोन वाजला. ‘प्रिय रश्मी, आपले ग्रंथालय कार्ड तयार आहे.’

माझं कार्ड अजून आलेलं नाही.

१२ ऑगस्ट

पाकिटातल्या चोवीसपैकी सहा फोटो रश्मीचे आहेत.

त्या दिवशी मी स्वतः मोजले होते. सगळे माझे होते. हे सहा मिसळलेले नाहीत, वेगळे कापलेलेही नाहीत. एकाच कागदावर वरची ओळ तिची, खालची माझी. तोच कुडता, तेच तुटकं बटण.

आत्याला दाखवले. तिने चष्मा लावून सगळे नीट पाहिले आणि म्हणाली, चांगले आलेत गं तुझे फोटो, पण हसायचं तरी जरा.

आता लिहूनच टाकते. कुणाला सांगता येत नाही, निदान कागदाला तरी.

नऊ जुलैला पहिली यादी लागली. आमच्या प्रवर्गातली शेवटची जागा रश्मीला मिळाली. हुशार तीच होती. माझा प्रतीक्षा यादीत पहिला नंबर. तिचा मेसेज माझ्या फोनवर आला : अकरा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत जागा स्वीकारा, अन्यथा ती पुढच्या उमेदवाराला जाईल. आमच्या गावात नेट नाही, यादी बघायची ती माझ्या फोनवरच, तालुक्याला जाऊन. तिचा सगळा भरवसा माझ्यावर.

दोन दिवस फोन माझ्या हातात होता आणि ती माझ्या शेजारी बसलेली होती. दिवसातून दहादा विचारायची, आला का गं काही?

मी मान हलवून नाही म्हणायचे.

पंधरा तारखेला जागा मला मिळाली. गल्लीत साखर वाटली ती रश्मीनेच. मग घरी बसून काय करायचं, म्हणून आईबरोबर सोयाबीन खुरपायला जायला लागली. चोवीस तारखेला तिथेच साप चावला. जागा तिने घेतली असती तर त्या दिवशी ती शेतात नसती. एवढं साधं गणित आहे. मी सांख्यिकीची विद्यार्थिनी.

१३ ऑगस्ट

मिनलबेननी ढोकळा पाठवला. दोन ताटल्यांत. मी म्हटलं एक पुरे, तर म्हणाल्या की दुसरी त्या दुसऱ्या बेटीसाठी. रोज दुपारी गॅलरीत तुम्ही दोघी बसता ना, ती बिचारी खूपच चूप आहे.

ढोकळा तसाच ठेवला. दोन्ही ताटल्यांतला.

१४ ऑगस्ट

रश्मीच्या आईला फोन केला. सांगून टाकायचं ठरवूनच केला होता. काकू, मी, एवढंच तोंडातून निघालं आणि रडू फुटलं. त्यांना वाटलं मैत्रिणीच्या आठवणीने रडते. मलाच समजावत बसल्या. म्हणाल्या, तू तरी शीक बाई. आता तुझ्यातच आमची रश्मी बघायची आम्ही.

मी हो म्हटलं. हो म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्यासारखी नीच मीच.

मग पाकीट उघडलं. पंधरा तिचे. नऊ माझे.

१६ ऑगस्ट

स्टेशनजवळच्या स्टुडिओत नवे फोटो काढले. माझा पिवळा ड्रेस घालून. फोटोवाल्याने पाकीट दिलं. उघडून बघितलं आणि दुकानातच ओरडले. निळा कुडता. रश्मी. फोटोवाला आधी घाबरला, मग चिडला, मॅडम आपही का तो है, म्हणाला. आरशात बघा म्हणाला.

बघितलं नाही.

दुपारी मेसेज. ‘प्रिय रश्मी, आपले ओळखपत्र तयार आहे.’

१७ ऑगस्ट

गॅलरीतल्या फरशीवर माती. आत्या पुसून गेली तरी परत. इथली माती राखाडी, मिठागरांची. ही काळी आहे. ओली. पायाची बोटं उमटलेली — आमच्याकडची माती —

मामांना म्हटलं परत गावी जाते. रागावले नाहीत. डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, पहिल्या दिवसाची भीती सगळ्यांनाच वाटते.

आज पाकीट उघडलंच नाही. उघडायची गरज नाही. माहीत आहे.

१८ ऑगस्ट, दुपारी ४.२०

दोघं कामावर. मी एकटी. एकटी नाही.

उद्यासाठी म्हणून पोर्टल उघडलं. माझ्या नावासमोर — जागा देऊ केली आहे, स्वीकारलेली नाही. मुदत आज संध्याकाळी पाच. अन्यथा जागा पुढच्या उमेदवाराला.

मी महिन्यापूर्वीच स्वीकारलीय! पावती फाइलमध्ये होती. फाइलमध्ये कागद आहेत, सगळ्यांवर तिचं नाव. गुणपत्रिका. वैधता. टीसीवर सुद्धा.

प्रतीक्षा यादीत पहिलं नाव — रश्मी.

४.३५

मदत क्रमांक लागत नाही. आत्याचा फोन बंद. मिनलबेनचं दार वाजवलं, त्यांनी उघडलं, माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि विचारलं, तुझी ती बोलकी मैत्रीण कुठे गेली.

४.४६

‘स्वीकारा’ दाबलं. ओटीपी पाठवला आहे म्हणतंय. माझा फोन हातात आहे, काही आलं नाही. नंबर बघितला — अर्जातला नंबर माझा नाही. शेवटचे चार आकडे ओळखीचे आहेत. तिच्या बाबांचा —

आतल्या खोलीत फोन वाजला.

४.५१

ती पलंगाच्या कडेला बसलीय. निळा कुडता. पाय मातीचे. घोटा काळानिळा, सुजलेला. हातात बटणांचा फोन, रबर लावलेला. पडदा उजळलाय. आकडे तिला दिसतायत. मला नाही.

काही करत नाही. फक्त माझ्या शेजारी बसायची तशी बसलीय.

४.५५

सगळं सांगितलं तिला. पाया पडले. म्हटलं तूच जा उद्या, जागा तुझीच होती, पण मला असं पुसू नकोस. माझी आई आहे गं गावी. ऐकून घेतलं. राग नाही चेहऱ्यावर. तेच तर —

परत दाबलं. परत तिच्याकडे वाजलं.

४.५८

अक्षर नीट येत नाही, बोटं आखडलीत, नखांत माती — माझ्या नखांत —

शेवटचं विचारते. तीच विचारायची तसं. रश्मे, आला का गं काही?

माझ्याकडे बघतेय. हळूच मान हलवते, ना—