कंपनी आमच्या मंडईत

शहापूर, जि. भंडारा
६ सप्टेंबर २०२५

चि. अंकुश यास,

बाबांचा जयभीम आणि मनापासून आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळं ठीक आहे. तुझी खुशाली तुझ्या आईकडून रोज कळते. फोन वाजला की तुझी आई तो ताब्यात घेते, माझ्या वाटचंही स्वतःच बोलते आणि शेवटी 'बाबा बरे आहेत' एवढं सांगून ठेवून देते. मला तसंही फोनवर धड ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र.

परवा आई सांगत होती की तुमच्या बॉयलरच्या कंपनीला चाकणची जागा पुरत नाही, नवा मोठा कारखाना काढायचा आहे आणि त्यासाठी आपल्या भंडारा जिल्ह्याचंही नाव निघालं आहे. खरं काय ते सविस्तर लिही. प्रतिक्षाला विचारलं तर म्हणाली, ठरेल तेव्हा ठरेल. पण त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं. तुमच्या लग्नाला चार वर्षं झाली. तू तिकडे, ती इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिला पक्की नोकरी सोड म्हणणं बरोबर नाही, तिची बदली पुण्याकडे होत नाही आणि तुझ्याजोगं काम इथे नाही. मी या विषयावर बोलत नाही, म्हणून मला काही वाटत नाही असं समजू नकोस.

गावात बातमी केव्हाच पोचली. आपले पुढारी जागेश्वरभाऊ म्हणतात, कारखाना शहापूरलाच, हायवेला लागून. जिल्ह्यातल्याच पवनीकडचे पुढारी लिलाधरभाऊ म्हणतात, आमच्याच बाजूला. निवडणुका तोंडावर आहेत, त्यामुळे दोघांचेही फलक लागले आहेत. कंपनीने अजून होही म्हटलेलं नाही आणि फलकांवर यांचे आभार मानून झाले.

आईची आणि सूनबाईची आठवण ठेव, माझी आपोआप येईल.

तुझा,
बाबा (परसराम)


चाकण
१४ सप्टेंबर २०२५

ती. बाबा यांना सविनय जयभीम,

तुमचं पत्र मिळालं. आईने फोनवर मिठाचं काही सांगितलं नव्हतं. प्रतिक्षाने तर मुळीच नाही.

बातमी खरी आहे. दोन ठिकाणं उरली आहेत, एक आपला जिल्हा आणि दुसरं शेजारच्या राज्यात, अगदी पलीकडच्या टोकाला. जिथे कारखाना होईल तिथे आमच्या अख्ख्या विभागाला पाठवणार. भंडारा ठरलं तर मी घरी. तिकडचं ठरलं तर आता महिन्यातून एकदा येतो तेही होणार नाही. त्यामुळे मी हल्ली कॅन्टीनमध्ये या विषयावर कुणी बोलू लागलं की उठून जातो.

तुम्ही विचाराल, जमीन आहे, पाणी आहे, मग अडतं कुठे? बाबा, नुसत्या जमिनीवर कंपनी येत नाही. आमचे बॉयलर लांबलचक ट्रेलरवरून जातात. रस्ता रुंद लागतो, वळणं सरळ लागतात, पूल भक्कम लागतात. वेल्डिंग चालू असताना वीज गेली तर केलेलं काम कापून पुन्हा करावं लागतं. मग येतो कामगारांचा प्रश्न, मिळतील का आणि टिकतील का. पण जागा निवडणाऱ्या समितीच्या मनाली मॅडम सगळ्यात जास्त घाबरतात त्या पुढाऱ्यांच्या भांडणाला. आज एक पुढारी नारळ फोडणार आणि उद्या दुसरा फाटकासमोर मंडप टाकून बसणार, असं त्यांनी एकदा भोगलं आहे.

समिती चार ऑक्टोबरला आपल्या जिल्ह्यातल्या दोन्ही जागा, शहापूर आणि पवनी, बघायला येते आहे. एक विनंती आहे. त्या गर्दीत तुम्ही फार पुढे होऊ नका. मी तुम्हाला ओळखतो.

आईला नमस्कार. तुमच्या आशीर्वादाची सध्या जरा जास्त गरज आहे.

आपला,
अंकुश


शहापूर
६ ऑक्टोबर २०२५

चि. अंकुश यास आशीर्वाद व जयभीम.

दसऱ्याला सगळे दीक्षाभूमीवर जाऊन आलो. तुझी आई परतताना बसमध्ये झोपली ती गाव येईपर्यंत, त्यामुळे प्रवास शांततेत झाला.

आता मुख्य गोष्ट. तुझी समिती आली आणि गेली, आणि तुझ्या बापाने आपलं काम चोख केलं. सकाळी मंडळी पवनीकडे गेली होती. तिथे म्हणे लिलाधरभाऊंच्या माणसांनी त्यांना सांगितलं की शहापूरला दिवसातून चारदा लाईट जाते आणि हायवेवर सदा गाड्यांची रांग. हे ऐकून जागेश्वरभाऊ चिडले. दुपारी समिती आपल्याकडे आली तेव्हा त्यांनी सुनावलं की पवनीकडची जमीन पावसाळ्यात चिखलात असते आणि वैनगंगेला पूर आला की तिकडचं माणूस इकडे येत नाही.

मग त्यांनी मला पुढे केलं. मी काय स्वतःहून गेलो नाही, हे लक्षात घे. मी मॅडमना सांगितलं की मी नोकरीभर भंडारा-पवनी गाडीवर कंडक्टर होतो, तो रस्ता माझ्या कमरेला विचारा. तिकीट फाडताना माणूस एका सीटवरून दुसऱ्या सीटवर जायचा. सगळे हसले, मॅडमसुद्धा हसल्या आणि त्यांनी लिहून घेतलं. जागेश्वरभाऊंनी माझी पाठ थोपटली. शहापूरचं काम झालं असं समज.

प्रतिक्षा मात्र घरी आल्यावर गप्प होती. तिला बहुधा आनंद दाखवायचा संकोच वाटतो.

पलंग नवा घ्यायचा का, ते आईला कळव.

तुझा,
बाबा


चाकण
१३ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा,

सविनय जयभीम. हे पत्र कसं लिहावं ते कळत नाही, म्हणून सरळ लिहितो.

समितीने तुमचं सगळ्यांचं म्हणणं खरं धरलं. शहापूरवाल्यांनी पवनीची जागा वाईट म्हणून सांगितली, पवनीवाल्यांनी शहापूरची. दोन्ही बाजूंचे लोक स्थानिक, दोघांनाही माहिती असणारच. मग जिल्ह्यात चांगली जागा उरली कुठे? शिवाय मॅडम म्हणाल्या की जिथे कारखाना येण्याआधीच एवढी ओढाताण आहे तिथे आल्यावर काय होईल. अहवालाच्या कच्च्या मसुद्यात तुमचाही उल्लेख आहे, बाबा. 'रस्त्याबद्दल एका निवृत्त कंडक्टरचं मत.' मी तो वाचला आणि मान खाली घातली, कुणी ओळखेल म्हणून.

दुसऱ्या राज्याचं जवळजवळ ठरलं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला मी येऊ शकणार नाही, त्याच आठवड्यात आम्हाला तिकडची जागा दाखवायला नेणार आहेत. प्रतिक्षाला मी फोन केला होता. ती म्हणाली, ठीक आहे. त्या 'ठीक आहे'नंतर मला झोप लागली नाही.

मी रागावलेलो नाही. तुम्ही माझ्यासाठीच बोललात हे मला कळतं. तरी वाईट वाटायचं ते वाटतंच.

तब्येत सांभाळा. पलंग घेऊ नका.

अंकुश


शहापूर
३० ऑक्टोबर २०२५

प्रिय अंकुश,

जयभीम. मी तुला पत्र लिहीन असं तुला वाटलं नसेल, मलाही नव्हतं. पण बाबांनी पाकीट हातात दिलं आणि म्हणाले, मंडईचं तू लिही, माझ्या लिहिण्याने आधीच पुष्कळ झालं आहे. तुझं पत्र आल्यापासून त्यांनी धड दोन घास खाल्ले नव्हते. आई त्यांना बोलायच्या थांबल्या होत्या, यावरून समज.

काल आपली मंडई होती. तुला माहीत आहे, त्या दिवशी रस्ता, ओटे, घरं, सगळं पाहुण्यांनी भरलेलं असतं. दुपारी स्टेजवर दंडारीचं नाचगाणं रंगात आलं असताना एक पांढरी गाडी गर्दीत अडकली. ना पुढे जाईना ना मागे. आतून कोण उतरलं? तुमच्या मनाली मॅडम! अहवाल पाठवण्याआधी एकदा कुणाला न सांगता, पुढाऱ्यांशिवाय बघून जावं म्हणून आल्या होत्या. गाडी हलेना म्हणून मी त्यांना शाळेच्या ओट्यावर बसवलं आणि उकडलेले शिंगाडे दिले. सोलायचे कसे तेही दाखवलं.

त्यांनी विचारलं, एवढी तरुण मुलं कुठून आली? मी म्हटलं, कुठून नाहीत, इथलीच आहेत, मंडईला घरी आलीत. त्यांना खरं वाटेना. मग शेजारच्या निकेशला विचारलं. तो सुरतेला वेल्डर आहे. दुसरा हैदराबादला क्रेन चालवतो, तिसरा तुमच्याच चाकणला फिटर. आजूबाजूच्या गावांचीही होती. मॅडम एकेकाला विचारतच सुटल्या. इथे काम मिळालं तर परत याल का, असं विचारल्यावर निकेश म्हणाला, कायले नाही येणार मॅडम, घर तं इथंच हाय ना आमचं. आम्हाला वाटलं होतं इथे माणसंच मिळणार नाहीत, असं मॅडम म्हणाल्या.

पुढचं ऐक. लिलाधरभाऊंची बहीण आपल्या गावात दिलेली, म्हणून वैर काही असो, मंडईला ते पाहुणे असतातच. ते आणि जागेश्वरभाऊ एकाच स्टेजवर, तोंडं दोन दिशांना. मॅडमना सत्काराला वर नेलं. त्यांनी माईक घेऊन दोघांना विचारलं, तुमच्यापैकी एकाची जागा घेतली तर दुसरा आडवा येणार का? दंडारवाल्यांची ढोलकीसुद्धा थांबली.

तेवढ्यात बाबा स्टेजवर चढले. मी हात धरायला गेले, पण त्यांनी सोडवून घेतला. माईकवर म्हणाले, मॅडम, त्या रस्त्याचं म्या सांगतलं होतं, ते गाव जिंकवायले सांगतलं. माहा पोरगा तुमच्या कंपनीत हाय, अन् सून इथं. कारखाना पवनीले करा, शहापूरले करा, पण दूर नोका नेऊ. नंतर ते दोन्ही भाऊंकडे वळले आणि म्हणाले, तुमची पोरं घरी जेवतेत, आमच्या पोरायनं काहून नाही जेवावं?

समोर बसलेल्या बाया रडल्या, अंकुश. आधी लिलाधरभाऊ उठले, मग नाइलाजाने जागेश्वरभाऊ. दोघांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की जागा कुठलीही ठरो, दोघेही सोबत राहतील.

आता काय होईल माहीत नाही. आई विचारतात नातवंड कधी. मी त्यांना सांगितलं की ते फोनवरून होत नाही. त्या हसल्या आणि मग आत जाऊन बसल्या. मीही त्या दिवशी नुसतं 'ठीक आहे' म्हटलं होतं. ते ठीक नव्हतं. मला तू इथे हवा आहेस.

तुझीच,
प्रतिक्षा


चाकण
२० डिसेंबर २०२५

ती. बाबा, आई आणि प्रिय प्रतिक्षा,

तिघांना एकत्र लिहितो, कारण वेगवेगळं लिहायला धीर नाही. भंडारा ठरलं. भंडारा-पवनी रस्त्यावर अड्याळच्या पुढे, पवनीच्या बाजूला. दोन्ही पुढाऱ्यांनी मिळून एकच पत्र दिलं, रस्ता रुंद करायचं आणि कारखान्यापुरती वेगळी वीजवाहिनी द्यायचं सरकारकडून लेखी आलं. मॅडम बैठकीत म्हणाल्या की कामगार शोधायला लागणार नाहीत, फक्त परत बोलवावे लागतील. आम्ही पहिली तुकडी मार्चमध्ये येतो आहोत. मी संडासात जाऊन रडलो आणि तोंड धुऊन कामावर बसलो.

बाबा, आता पलंग घ्या.

तुमचा,
अंकुश


शहापूर
२८ डिसेंबर २०२५

चि. अंकुश यास,

अनेक आशीर्वाद आणि भरघोस जयभीम.

तुझं पत्र आलं तेव्हा सूनबाई शाळेत निघाली होती. तिने उभ्यानेच वाचलं, घडी घालून आईजवळ दिलं आणि गेली. दिवसभर शिकवलं. संध्याकाळी आली, चप्पल काढली आणि मला विचारलं, बाबा, खरं आहे ना? मी हो म्हटलं. मग ती उंबऱ्यावर बसली आणि तुझ्या आईच्या कुशीत शिरून लहान मुलीसारखी रडली. मी गाईला चारा टाकायच्या निमित्ताने बाहेर गेलो. चारा आधीच टाकलेला होता.

खरं सांगू? त्या ऑक्टोबरपासून तुझा अपराधी असल्यासारखं वाटत होतं, ते आता गेलं. जेवण जातं, झोप लागते. तुझ्या आईने माझ्याशी भांडायलाही पुन्हा सुरुवात केली आहे.

गावात सगळेच खूश आहेत असं नाही. हायवेला लागून जमीन असलेल्यांचे चेहरे उतरले आहेत. काल जागेश्वरभाऊ चौकात भेटले. चार माणसांत मला टोमणा मारला की परसरामभाऊ, तुमी भर मंडईत आपल्या गावचा कारखाना दुसऱ्याच्या हाती देऊन देला. पूर्वीचा असतो तर तासभर वाद घातला असता. मी फक्त एवढंच म्हटलं, भाऊ, कारखाना पवनीकडं गेला असन, पोरगा तं माह्या घरी येऊन राहिला ना.

ये बाळा. तिघंही वाटेकडे डोळे लावून आहोत.

तुझा,
बाबा