नृसिंहरावांच्या देवळीतला रिले

हातकणंगले,
मंगळवार

तीर्थरूप गुरुप्रसादमामा,

क्रांतीचा नमस्कार. तुम्हाला आणि मामींना एकाच नमस्कारात धरलं आहे, वाटून घ्यावा. तुमचा गुडघा आता बरा असेल. (स्थळ बघायला जायच्या दिवशी सकाळीच तो दुखायला लागला आणि तुम्ही शाहूपुरीत राहिलात, याबद्दल माझ्या मनात काही नाही. आईच्या मनात आहे.) मामी पथ्य सांभाळतात की पथ्याच्या भाकरीवर लोणी घेतात? इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे दादा माझ्याशी बोलत नाहीत आणि आई दोघांशी बोलते, पण भांडी आपटत. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण मी फोनवर बोलायला लागले की दादा दुकानातलं गिऱ्हाईक सोडून दाराशी येऊन उभे राहतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही प्रत्येक गोष्टीला हात जोडलेलं चित्र पाठवता. (मुलाखतीत मला नाकारल्याचं कळवलं तेव्हाही तेच आलं होतं.)

तुम्ही आणलेल्या स्थळाचं काय झालं ते मुलाच्या वडिलांकडून, नृसिंहरावांकडून तुम्हाला कळलंच असेल. त्यांच्याकडून कळलं म्हणजे चुकीचं कळलं, म्हणून सगळं लिहिते.

आधी हे सांगते की मला लग्नाची घाई नव्हती, कामाची होती. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. पदवीचं करायचं काय, याचा कुणालाच अनुभव नसल्यामुळं दादांनी लेकीची म्हणून ती चौकटीत घालून दुकानात तराजूच्या वर लावली आहे. रोज सकाळी गणपतीला ओवाळून झालं की उदबत्ती तिच्याकडं येते. ‘बी.ई. इलेक्ट्रिकल’ ही अक्षरं धुरानं पिवळी पडत चालली आहेत. नोकरीचं काढलं की दादा म्हणतात, “सासरचं बघतील की.” म्हणजे शिकायचं मी, आणि त्या शिक्षणाचं काम करायचं की नाही ते ठरवणार अजून ज्यांचं नावही माहीत नाही ते लोक. म्हणून गुऱ्हाळवाल्यांचं स्थळ म्हटल्यावर मी मनातून खूश झाले होते. निदान तिथं एक मोटर तरी असेल.

मोटर होती. नृसिंहरावांनी आम्हाला घरी न बसवता थेट गुऱ्हाळावर नेलं. (त्यांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. उसाचा चरक चालू असतानाही त्यांना ओरडावं लागत नाही.) रस दिला, गरम गूळ दिला, काकवीची बाटली भरून दिली, इथवर माझी काही तक्रार नाही. मुलगा विजयसिंह, त्याला काहीही विचारलं तरी “हो की” म्हणतो. त्याचं नाव विचारलं तेव्हाही तो आधी “हो की” म्हणाला.

मग माझं लक्ष मोटरकडं गेलं. मोटरच्या मागच्या बाजूला पंखा असतो, तो हवा ओढून तिला गार ठेवतो. त्या पंख्याच्या जाळीवरच या लोकांनी ओलं पोतं टाकलं होतं. मोटर तापू नये म्हणून! ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवायची आणि जोडीला नाकही दाबून धरायचं, असा हा उपचार. मोटर किती तापली हे ओळखायची पद्धत म्हणजे तिच्यावर तळहात ठेवायचा. हात टिकला तर मोटर चांगली. भाजला तर दुसरा हात.

मी विचारलं, रिले कुठं आहे? मामा, तुम्ही गुळाच्या व्यापारातले, म्हणून सांगते. रिले म्हणजे स्टार्टरच्या पेटीतला मुठीएवढा रखवालदार. चरकात ऊस जास्त कोंबला की मोटर जास्त वीज ओढते आणि आतून तापते. रिलेच्या पोटात दोन धातू जोडलेली पट्टी असते, ती त्या विजेनं तापून वाकते आणि मोटर बंद पाडते, जळायच्या आधी. नृसिंहराव अभिमानानं म्हणाले, “काढलाय त्यो. सारखं मशीन बंद पाडायचा. आता डायरेक्ट हाय!” चोर आला की रखवालदार ओरडतो, त्यानं झोप मोडते, म्हणून रखवालदारालाच घरी बसवलं.

आणि काढून ठेवला कुठं? देवळीत, देवांच्या कोनाड्यात! मशीनबरोबर आलेली नवीकोरी वस्तू टाकवत नाही, म्हणून खंडेनवमीला पुजतात. विजयसिंहाच्या आई, तानाबाई, यांनी तो कौतुकानं काढून दाखवला. हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूची पाकळी चिकटलेली. तो हातात घेतला आणि मला दुकानातली चौकट आठवली, डोळ्यांत पाणीच आलं. तानाबाईंना वाटलं, मुलगी भाविक आहे.

मी म्हटलं, बसवून देते. सगळे हसले. विजयसिंहानं मात्र पेचकस आणून दिला. मेन स्विच बंद केला, पदर खोचला, कुंकू पुसलं, रिले बसवला आणि मोटरच्या पाटीवर जितका प्रवाह लिहिला होता तितक्यावर लावला. चरक छान चालू झाला. तेवढ्यात नृसिंहरावांना पाहुण्यांपुढं मर्दुमकी सुचली. “बघा पावणं, आमचा चरक मोळीच्या मोळी गिळतोय!” असं म्हणून त्यांनी अख्खी मोळी आत सारली. चरक कण्हला, आणि थोड्या वेळानं खट्. रिलेनं असं बंद पाडलं की पट्टी गार होईपर्यंत थांबावं लागतं. तोवर सगळे माझ्याकडं बघत उभे. पुन्हा सुरू, पुन्हा मोळी, पुन्हा खट्. तिसऱ्यांदा चरक थांबला तेव्हा नृसिंहराव दादांना म्हणाले, “पावणं, राग मानू नका, पर तुमची पोरगी आली आन् चरक थांबला. पायगुण बरा न्हाय ह्यो.” त्यांनी रिले काढला, परत डायरेक्ट. मी सांगितलं, मोटर जळेल. कुणी ऐकलं नाही. आम्ही जेवायला बसलो, तोच करपल्याचा वास सुटला. तानाबाई आमटी लागली म्हणून चुलीकडं धावल्या. आमटी ठीक होती.

आता तुम्हीच बघा. रिले होता तोवर मोटर नुसती थांबत होती, काढल्यावर जळली. आणि ठपका माझ्या पायांवर. चार वर्षांत विजेचे इतके नियम शिकले, त्यात पाय कुठंच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, “पोरगी हुशार हाय, पर जमत न्हाय.” दादा म्हणाले, “तुला कुणी सांगितलंतं हात घालायला?” आणि तेव्हापासून गप्प आहेत.

त्यांचा नकार आधी आला असला तरी आमचाही स्वतंत्र नकार त्यांना कळवा. जे घर मोटरचं तीनदा ऐकत नाही, ते सुनेचं एकदाही ऐकणार नाही.

मामींना जपा, लोणी लपवा.

तुमची भाची,
क्रांती

ता. क. मोटर तुमच्या शाहूपुरीतच भरून, म्हणजे आतली जळकी तार बदलून, घेतली, परत आणून पुन्हा डायरेक्ट जोडली, आणि ती पुन्हा जळाली. या खेपेला मी तिथं नव्हते. पायगुण कुणाचा, यावर त्यांच्याकडं अजून विचार चालू आहे.

आणखी एक. नृसिंहरावांचा दादांना फोन आला होता. आवाज मला आतल्या खोलीत ऐकू आला. “सून म्हणून न्हाय जमायचं, त्यो विषय संपला. पर सीझन हाय तवर मशीन बघाया येती का इचारा की पोरीला. पगार देतो. आमच्या पावण्यांची बी गुऱ्हाळं हायती.” दादांनी फोन ठेवला. ज्या घरानं नाकारली त्याच घरी पोरगी कामाला धाडली तर लोक तोंडात शेण घालतील, असं आईला म्हणाले. ते फक्त तुमचंच ऐकतात. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. रविवारी याच.

शेवटचं. मी गेल्या शनिवारपासून गुऱ्हाळावर जाते आहे. आईला ठाऊक आहे, डबा तीच देते. दुसऱ्यांदा भरून आणलेल्या मोटरवरचं पोतं काढलं, रिले बसवला. काल नृसिंहरावांनी सवयीनं मोळी कोंबली आणि चरक थांबला. ते पट्टी गार होईपर्यंत उसाच्या ढिगावर बसून राहिले आणि मग विचारलं, “आता करू का चालू, मॅडम?” तेव्हा मामा, दादांची परवानगी काढायला येऊ नका. त्यांना कळवायला या.